काता थोडे, पण मुरलेले

शेजारच्या तालुक्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. तीन वर्षे ती कराटेच्या वर्गाला जाते, ब्राऊन बेल्टपर्यंत पोहोचली आहे, अकरा काता तिला तोंडपाठ आहेत (हा शब्द त्यांचाच) आणि घरात दोन पदकेही आहेत. दिवाळीनंतर एके दिवशी एस.टी. स्टँडवर एका मुलाने तिचे मनगट धरले. मुलगी जागच्या जागी थिजली. जवळच्या कंडक्टरने आरडाओरडा केला म्हणून तो मुलगा पळाला. घरी आल्यावर मुलगी रडली, ती त्या मुलामुळे कमी आणि स्वतःवरच्या रागाने जास्त. "डॉक्टरसाहेब, तीन वर्षांची फी, बेल्टच्या परीक्षा, सगळे पाण्यात गेले का? क्लास बंद करावा का?" असे त्या विचारतात.

पत्राचे उत्तर या सदरातून देण्याचे कारण असे की हा प्रश्न अनेक पालकांचा आहे. आज तालुक्याच्या गावापर्यंत कराटेचे वर्ग पोहोचले आहेत. मुलांच्या तब्येतीसाठी आणि मुलींच्या संरक्षणासाठी आपण त्यांना तिथे पाठवतो. ही दोन्ही उद्दिष्टे साधतात की नाही, हे मात्र सहसा कोणी तपासून पाहत नाही.

पहिली गोष्ट त्या मुलीसाठी. थिजणे हा भित्रेपणा नव्हे. अचानक संकट आले की वाघासमोरचे हरीण जसे क्षणभर निश्चल होते, तसेच माणसाचे शरीरही होते. ती मज्जासंस्थेची जन्मजात प्रतिक्रिया आहे. धडधाकट पुरुषही थिजतात. त्यामुळे मुलीला दोष देऊ नये आणि तिलाही स्वतःला देऊ देऊ नये. थिजलेल्या शरीराला पुन्हा हलवणारी गोष्ट म्हणजे अंगवळणी पडलेली एखादी हालचाल. आता प्रश्न असा की अकरा काता पाठ असताना एकही हालचाल कामी का आली नाही?

ज्यांना कराटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करावयाच्या बचावाच्या व प्रहाराच्या हालचालींची मालिका. ती एकट्याने करायची असते. बघणाऱ्याला ती कवायतीसारखी किंवा नाचासारखी वाटते. पूर्वी ओकिनावा बेटावर या विद्येची पुस्तके नव्हती, म्हणून गुरूंनी जे काही शिकवायचे ते या मालिकांमध्ये गुंफून ठेवले. म्हणजे काता ही एक प्रकारची पोथीच आहे. पोथी नुसती वाचून गेले तर जे होते, तेच काता नुसता करून गेले तर होते.

ओकिनावाचे जुने गुरू फार थोडे काता शिकवीत, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. गिचिन फुनाकोशी (१८६८ ते १९५७) यांनी १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि ही विद्या जपानच्या मुख्य भूमीवर रुजवली. आपल्याकडे जो शोतोकान कराटे बहुसंख्य ठिकाणी शिकवतात तो त्यांच्याच परंपरेतला. त्यांच्या तरुणपणी गुरू आझातो त्यांच्याकडून रात्री अंगणात एकच काता महिनोन् महिने करून घेत आणि स्वतः पाहत बसत. समाधान होईपर्यंत पुढचा काता नाही! नाइहांची नावाच्या काताचे तीन भाग आहेत. ते शिकायला आपल्याला दहा वर्षे लागली, असे फुनाकोशींनी लिहून ठेवले आहे.

दुसरे उदाहरण कानबुन उएची यांचे. हे १८९७ साली ओकिनावाहून चीनमधील फूचौ येथे गेले आणि तेथे वर्षानुवर्षे शिकले. परत येताना त्यांनी किती काता आणले? तीन. सानचिन, सेइसान आणि सानसेइर्‍यू. या तीन कातांवर कराटेची एक संपूर्ण शाखा उभी राहिली, तिला उएची-र्‍यू म्हणतात. पुढे त्यांच्या मुलाच्या काळात आणखी पाच काता घालून आठ झाले, पण मूळ भांडवल तीनच.

तिसरे चोकी मोटोबू (१८७० ते १९४४). हे गृहस्थ प्रत्यक्ष मारामारीतल्या कौशल्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांना इतर काता येत नव्हते असे नाही. पण त्यांचा सारा भर नाइहांचीवर होता आणि १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी हाच काता शिकवला आहे.

आपल्याला हे नवीन वाटू नये. आपल्या तालमीतला पहिलवान डाव सगळे शिकतो, पण त्याचे हुकमी डाव दोन किंवा तीनच असतात. कुणाचा ढाक, कुणाची मोळी, कुणाचा धोबीपछाड. वस्तादही त्याला नवनवे डाव शिकवत बसत नाहीत. तोच डाव वेगवेगळ्या अंगकाठीच्या जोडीदाराबरोबर, ओल्या मातीत, दमलेल्या अवस्थेत करून घेतात. कुस्ती ठरते ती तिथे.

मग कराटेत कातांची संख्या का वाढली? याचे कारण वाईट नाही. १९०१ च्या सुमारास आन्को इतोसू या वृद्ध गुरूंनी ओकिनावाच्या शाळेत कराटे आणले. शाळेत पन्नास-साठ मुले एका रांगेत उभी राहणार. त्यांना गळपट्टी, सांधे मोडणे, कोपराचे प्रहार कसे शिकवणार? म्हणून त्यांनी मुलांसाठी पाच सोपे काता रचले. त्यांचे नाव पिनान. फुनाकोशींनी पुढे त्यांना हेइआन म्हटले. रांगेत, शिट्टीवर, आकड्यांवर करायचे हे काता म्हणजे आपल्या शाळेतली कवायत. त्यातला व्यायाम राहिला, पण जोडीदाराबरोबर करून पाहण्याचा भाग मागे पडला. पुढे ज्यूदोवरून बेल्टची पद्धत आली, प्रत्येक बेल्टला वेगळा काता ठरला, नंतर स्पर्धा आल्या. स्पर्धेत साधारणपणे प्रत्येक फेरीला वेगळा काता करावा लागतो, म्हणून चांगल्या खेळाडूला पुष्कळ काता यावेच लागतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते २०२१ साली झाले) काताचे सुवर्णपदक मिळवणारा र्‍यो कियुना हा ओकिनावाचाच. त्याचा काता पाहताना अंगावर काटा येतो. स्पर्धेला माझा विरोध नाही. परंतु ज्या मुलीला ऑलिंपिकला जायचे नसून संध्याकाळी शिकवणीहून घरी यायचे आहे, तिला अकरा काता कशाला?

याला एक शास्त्रीय आधारही आहे. १९५२ साली हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवले की समोर पर्याय जितके अधिक, तितका निर्णयाला वेळ अधिक लागतो. सरावाने हा वेळ कमी होतो हे खरे, पण तेवढा सराव प्रत्येक पर्यायाचा व्हायला हवा. त्यात भीतीने हृदय धडधडू लागले की बोटांची नाजूक कामे बिघडतात. कुलपात किल्ली जात नाही, फोनचे आकडे चुकतात. अशा वेळी शरीरातून बाहेर येते ती मोठी, साधी आणि हजार वेळा केलेली हालचाल. सरावाचा दुसरा नियम आणखी कडक आहे: शरीर जे करते तेच शिकते. हवेत बुक्की मारण्याचा सराव केला तर हवेत बुक्की मारणे उत्तम येते.

आता मनगट धरण्याचेच उदाहरण घेऊ. गंमत अशी की याचे उत्तर त्या मुलीच्या पहिल्याच काताच्या चौथ्या हालचालीत आहे, आणि ती हालचाल तिने तीन वर्षांत शेकडो वेळा केली असणार. शोतोकानमधल्या हेइआन शोदान काताच्या सुरुवातीला डावीकडे वळून खाली अडवणे, मग पाऊल टाकून बुक्की, मग मागे वळून उजव्या हाताने खाली अडवणे अशा तीन हालचाली होतात. त्यानंतर पुढचा उजवा पाय अर्धा मागे ओढला जातो, शरीर थोडे उंच होते, खाली असलेली उजवी मूठ छातीजवळून वर जात मोठे वर्तुळ घेते आणि वरून हातोड्यासारखी खाली येते. पाय पुन्हा पुढे पडतो. वर्गात याला हातोडा-बुक्की म्हणून शिकवतात आणि पुढे जातात.

पण पाय मागे का गेला? मूठ शरीराजवळून वर का गेली, सरळ का नाही? कारण कोणी तरी तिचे मनगट धरले आहे.

माणूस मनगट धरतो तेव्हा चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला येतो. पकडीतली फट अंगठ्यापाशी असते आणि तीच सर्वांत कच्ची बाजू. समोरच्याने डाव्या हाताने आपले उजवे मनगट वरून धरले असेल तर त्याचा अंगठा आपल्या शरीराच्या मध्याकडे येतो. आपण मूठ डाव्या खांद्याच्या दिशेने वर ओढली की मनगट बरोबर त्या फटीतून निसटते. मात्र नुसत्या हाताने ओढू नये. चौदा वर्षांच्या मुलीच्या दंडाची ताकद आणि वीस वर्षांच्या मुलाच्या पकडीची ताकद यांची बरोबरी होणार नाही. म्हणून काता पाय मागे न्यायला सांगतो. पाय मागे गेला की साऱ्या शरीराचे वजन ओढायला लागते, आणि साऱ्या शरीराच्या वजनाविरुद्ध एक अंगठा टिकत नाही. हात सुटला की तो आधीच वर गेलेला असतो. वरून खाली येणारी मूठ समोरच्याच्या हातावर किंवा गळ्याजवळच्या हाडावर पडते. मग पळायचे.

आता त्याने उजव्या हाताने, म्हणजे आडवे, धरले तर? अंगठ्याची फट दुसऱ्या बाजूला जाते. मग तीच मूठ आतून न नेता बाहेरच्या बाजूने वळवून काढावी लागते. दोन्ही हातांनी धरले तर? दुसरा हात मदतीला आणून स्वतःचीच मूठ धरून ओढावी लागते. खालून धरले तर? भिंतीशी उभी असताना धरले, पाय मागे न्यायला जागाच नसेल तर? एवढे प्रश्न एका हालचालीतून निघतात. ते एकेक जोडीदाराबरोबर करून पाहणे यालाच जपानीत बुनकाई म्हणतात. बुनकाई म्हणजे फोड करणे, उकल करणे. भूमितीचा सिद्धांत पाठ करणे वेगळे आणि त्याच्यावरचे प्रश्न सोडवणे वेगळे, हे नववीतल्या मुलीला मी सांगायला नको.

बुक्की मारताना दुसरी मूठ कमरेशी ओढून घ्यायची, ही कराटेतली सर्वांत ठळक सवय. तिला हिकिते म्हणतात. 'यामुळे बुक्कीला जोर येतो' एवढेच कारण मुलांना सांगितले जाते. जुना अर्थ साधा आहे. तो ओढणारा हात रिकामा नाही, त्यात समोरच्याची बाही किंवा मनगट आहे. त्याला आपल्याकडे खेचायचे, त्याचा तोल पुढे आणायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने प्रहार करायचा. हे एकदा समजले की सगळे काता वेगळे दिसू लागतात. काताच्या बहुतेक हालचाली दोन हात अंतरावरच्या प्रतिस्पर्ध्यासाठी नाहीतच. त्या अंगाला भिडलेल्या, धरलेल्या, ढकलणाऱ्या माणसासाठी आहेत. रस्त्यावरचा त्रासही असाच असतो. हात धरणे, केस ओढणे, ओढणी खेचणे, खांद्याला धक्का देणे. कोणी सहा फुटांवरून नमस्कार करून बुक्की मारायला येत नाही.

नाइहांची या काताबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो माझा आवडता आहे आणि चाळिशीच्या पुढच्या वाचकांच्याही कामाचा आहे. शोतोकानमध्ये याला तेक्की म्हणतात. हा संपूर्ण काता एका सरळ रेषेत, डावीकडे आणि उजवीकडे, घोडाबैठकीत होतो. उड्या नाहीत, उंच लाथा नाहीत, जागा चटईएवढी पुरते. सावकाश केला तरी मिनिटभरात संपतो. सुरुवातीला पाऊल आडवे टाकून उजवा हात उघड्या पंजाने बाजूला जातो आणि लगेच डावे कोपर फिरून त्या पंजावर आदळते. वर्गात मुले पंजावर कोपर आपटून टाळीसारखा आवाज काढतात आणि खूष होतात. पण पंजा तिथे कशासाठी? तो पंजा समोरच्याच्या मानेमागे आहे. एका हाताने डोके धरून ठेवले आहे आणि दुसऱ्या हाताचे कोपर येते आहे. कोपर हे जवळच्या अंतरावरचे सर्वांत भरवशाचे हाड. मुठीची हाडे बारीक असतात, चेहऱ्यावर जोरात मारल्यास मारणाऱ्याचीच मोडतात. करंगळीखालचे हाड मोडलेले रुग्ण प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञाने पाहिलेले असतात. कोपराचे तसे होत नाही.

मोटोबू म्हणत की नाइहांचीच्या पवित्र्यातून शरीर डावीकडे किंवा उजवीकडे वळवले की प्रत्यक्ष लढतीचा पवित्रा मिळतो. म्हणजे बाजूला चालायचे ते भिंतीला पाठ लावून लढण्यासाठी, ही जी गोष्ट सांगितली जाते ती मला फारशी पटत नाही. बाजूला पाऊल टाकण्याचा अर्थ समोरच्याच्या रेषेतून बाहेर पडणे हा अधिक सरळ वाटतो. करून पाहिल्यावर कोणता अर्थ टिकतो ते वाचकांनी स्वतः ठरवावे.

कारण बुनकाईच्या नावाखाली पुष्कळ कल्पनाविलासही चालतो. चार दिशांनी चार माणसे येतात, एकेक बुक्की मारून पुतळ्यासारखी उभी राहतात आणि विद्यार्थी त्यांना लोळवतो, असा प्रयोग स्नेहसंमेलनात छान दिसतो. खरा अर्थ ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. जोडीदाराने मनापासून धरले, सोडायचे नाही असे ठरवले, तरी ती हालचाल चालते का? आपल्यापेक्षा उंच आणि जड माणसावर चालते का? आणि ती झाल्यावर पळायला वाट मोकळी होते का? तिन्हींना हो म्हणता आले तर तो अर्थ ठेवावा, नाही तर सोडून द्यावा, मग तो कोणत्याही मोठ्या सेन्सेईंनी सांगितलेला असो.

त्या मुलीच्या आईला माझे उत्तर असे आहे. वर्ग बंद करू नये. पुढच्या बेल्टची परीक्षा मात्र सहा महिने पुढे ढकलावी. सरांना आदराने विचारावे की या सहा महिन्यांत हेइआन शोदान हा एकच काता जोडीदारासह उकलून शिकवाल का? बहुतेक शिक्षकांना असा विद्यार्थी आवडतो. पालकच बेल्ट मोजत बसतात म्हणून शिक्षकही बेल्ट देत बसतात. नाही म्हटले तर घरी मैत्रीण, बहीण किंवा वडील यांच्याबरोबर सराव करता येईल.

पहिले काही आठवडे मनगट हलके धरावे आणि हालचाल अगदी सावकाश करावी. नंतर पकड घट्ट करावी. मग जोडीदाराने ओढत चालावे, कारण खरा माणूस धरून स्थिर उभा राहत नाही. मग पाठीवर दप्तर, गळ्यात ओढणी आणि पायात नेहमीच्या चपला घालून करावे. पांढरा गणवेश घालून कोणी स्टँडवर जात नाही. डाव्या हाताचा सराव विसरू नये. शेवटी घरात काम करताना, अभ्यास करताना, न सांगता धरावे. थिजण्यावरचा उपाय इथे होतो. दर वेळी ओरडायचेच. कराटेत कियाई म्हणून जी आरोळी असते तिचा एक उपयोग हाच, की ओरडण्यासाठी श्वास सोडावा लागतो आणि श्वास सुटला की गोठलेले शरीरही सुटते. 'सोड!' हा शब्द कोणत्याही जपानी शब्दापेक्षा चांगला, कारण तो आजूबाजूच्यांना कळतो. प्रहाराचा सराव उशीवर किंवा पॅडवर करावा, जोडीदारावर नको. आणि ज्याच्याबरोबर सराव करायचा तो विश्वासाचा असावा, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याची बाजूही मुलींना माहीत हवी. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंडविधानात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. संरक्षणासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरावे, हे त्याचे सूत्र. हात सुटला आणि वाट मोकळी झाली की मारत राहू नये, निघून जावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. घरी सांगण्यात संकोच वाटू नये असे वातावरण ठेवणे हे मात्र पालकांचे काम, ते कोणताही काता करणार नाही.

आता तब्येतीकडे वळतो, कारण हे आरोग्याचे सदर आहे. इतोसूंनी १९०८ साली कराटेविषयी दहा मुद्द्यांचे एक पत्र लिहिले. ते आजही अभ्यासले जाते. प्रत्येक हालचाल कोणत्या प्रसंगी वापरायची हे समजून मगच सराव करावा, असा त्यात आग्रह आहे. त्याच पत्रात कराटे करणारे पुष्कळ जण दीर्घायुषी झाले आणि या सरावाने हाडे-स्नायू बळकट होतात, पचन सुधारते, असेही म्हटले आहे. त्या काळच्या भाषेतले हे विधान आजच्या भाषेत सांगायचे तर असे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा करावा आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही करावा. नाइहांचीत यातले बरेचसे एकत्र येते. घोडाबैठकीने मांड्या आणि कंबर बळकट होते. मध्ये एक पाय गुडघ्यापर्यंत उचलून परत ठेवायचा असतो, त्याने एका पायावरचा तोल सुधारतो. म्हातारपणी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडणे किती महागात पडते हे ज्या घराने भोगले आहे त्यांना तोलाचे महत्त्व कळेल. मध्ये थोडी विश्रांती घेत दहा वेळा काता केला तर पंधरा मिनिटे सहज जातात. चालण्याची सवय असेल तर ती सोडू नये, हे त्यात मिळवावे.

थोडे काता खोलवर करण्याचा शरीराला आणखी एक फायदा आहे. हालचाल ओळखीची झाली की लक्ष सांध्यांकडे देता येते. रोज नवा क्रम आठवणाऱ्या मुलाचा गुडघा आत वळला आहे हे ना त्याला कळते, ना सरांना. माझ्याकडे कराटे करणारी जी मुले गुडघेदुखी घेऊन येतात, त्यांतील बऱ्याच जणांची बैठक वाजवीपेक्षा खोल आणि गुडघा आत झुकलेला असतो. गुडघा नेहमी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत असावा. खोल बैठक स्पर्धेतील गुणांसाठी असते, गुडघ्यासाठी नाही. साठीच्या माणसाने खुर्चीत बसण्याच्या निम्मेच वाकावे. बुक्की मारताना कोपर झटक्याने पूर्ण सरळ करू नये, किंचित वाकलेले ठेवावे. हवेतल्या हजारो बुक्क्यांनी कोपर दुखू लागते ते या झटक्यामुळे. लहान मुलांकडून शहाबादी फरशीवर मुठींच्या जोर काढून घेणे, फळीवर मुठी आपटून 'कडक' करणे हे प्रकार बंद करावेत. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कच्ची असतात.

सानचिन काताबद्दल वेगळा इशारा द्यावा लागेल. हा काता सर्व शरीर ताठ आवळून, घशातून आवाज येईल असा श्वास सोडत करतात. बघून अनुकरण करणारे नेमका श्वास रोखून धरतात. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी हा काता जोर लावून करू नये. करायचाच तर शरीर सैल ठेवून, साध्या श्वासावर, पावले आणि तोल यांच्यासाठी करावा. ज्यांना गुडघ्याची झीज किंवा मणक्याचा त्रास आहे त्यांनी कोणताही काता सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. जेवणानंतर दोन तास सोडावेत. ओल्या किंवा तेलकट फरशीवर करू नये. आडवे पाऊल टाकताना पाय घसरला तर मांडीचा आतला स्नायू दुखावतो आणि तो बरा व्हायला दीड-दोन महिने घेतो. सुरुवातीला आठवडाभर भिंतीजवळ, हात टेकवता येईल अशा अंतरावर उभे राहूनच करावे.